आगकाड्यांचा राजा : ईवार क्रूगर
– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

थोर माणसांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांच्यापासून काय घ्यावे, हे बहुधा धड्याच्या शेवटी लिहिलेलेच असते. मी येथे ज्याचे चरित्र सांगणार आहे, त्याला थोर म्हणावे की ठक म्हणावे, याबद्दल त्याच्या स्वतःच्या देशातही अजून एकमत नाही. त्याचे नाव ईवार क्रूगर. तो स्वीडनचा. 1930 च्या सुमारास जगातील निम्म्याहून अधिक आगकाड्या त्याच्या सत्तेखालच्या कारखान्यांत तयार होत होत्या, म्हणून लोक त्याला आगकाड्यांचा राजा म्हणत.

या राजाचे एक ठाणे आपल्या अंबरनाथला होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पश्चिमेकडील विम्को नाक्याचे नाव आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. ती विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. ती 1923 साली निघाली आणि तिच्यामागे भांडवल होते क्रूगरच्या स्वीडिश मॅच कंपनीचे. माझे आजोबा याच कारखान्यातून निवृत्त झाले. ओंडका यंत्रावर सोलून त्याचा पातळ पापुद्रा कसा निघतो आणि त्या पापुद्र्याच्या काड्या कशा होतात, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. पण क्रूगरचे नाव त्यांनीही कधी ऐकले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्गात आयात शुल्काचा भाग शिकताना हे नाव मला प्रथम भेटले आणि ज्या कारखान्यावर आमचे घर उभे राहिले, तो मुळात येथे का आला, याचा शोध घ्यावासा वाटला.

ईवारचा जन्म 2 मार्च 1880 रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या काल्मार या गावी झाला. सहा भावंडांतील तो थोरला मुलगा. वडिलांचा आगकाड्यांचा धंदा होता. स्वीडन हा देशच मुळी आगकाड्यांचा. तेथे जंगल विपुल, आणि पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस लावून केलेली सुरक्षित काडेपेटी जगात प्रथम तेथेच नावारूपाला आली. यन्शोपिंग या गावाचे नाव त्या काळी जगभरच्या काडेपेट्यांवर छापलेले असे.

मुलाची बुद्धी तल्लख होती. सोळाव्या वर्षी तो स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला आणि विसाव्या वर्षी इंजिनियर होऊन बाहेर पडला. घरच्या धंद्यात न शिरता तो अमेरिकेला गेला. तेथे त्याने न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या बांधकामावर काम केले. पुढे तो मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका येथेही फिरला. या भटकंतीत त्याने पोलादी सळ्या घालून काँक्रीट मजबूत करण्याची नवी पद्धत पाहिली. मायदेशी परतून 1908 साली त्याने पॉल टोल या इंजिनियरच्या साथीने 'क्रूगर अँड टोल' ही बांधकाम कंपनी काढली. काम मुदतीच्या आत झाले तर बक्षीस घ्यायचे आणि उशीर झाला तर दंड भरायचा, अशी त्यांची बोली असे. 1912 च्या ऑलिंपिक सामन्यांचे स्टॉकहोममधील क्रीडांगण या कंपनीच्या कामांपैकी एक होय.

येथवरचे चरित्र एखाद्या कर्तबगार तरुणाचे आहे. पुढे त्याला वेगळे वळण लागते. घरचे कारखाने अडचणीत होते. ईवारने ते हाती घेतले आणि आसपासचे लहान कारखाने त्यांत सामील करून 1913 साली एक संयुक्त कंपनी उभी केली. समोर प्रतिस्पर्धी होता तो यन्शोपिंगचा बलाढ्य गट. त्याच्याशी किमतीत टक्कर घेणे अवघड होते. मग क्रूगरने काडीकडे न पाहता काडीच्या पोटात शिरून पाहिले.

आगकाडी ही वस्तू दिसायला क्षुल्लक, पण तिच्यात किती जिन्नस लागतात ते पाहा. काडीसाठी मऊ, सरळ धाग्याचे लाकूड. ती सहज पेटावी म्हणून मेण. गुलासाठी पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस. पेटीच्या कडेला फॉस्फरस. शिवाय हे सारे करणारी यंत्रे. यांतला एक जिन्नस जरी अडला तरी कारखाना थांबतो. पहिल्या महायुद्धात बाहेरचा माल येणे दुरापास्त झाले, तेव्हा क्रूगरने रसायने पुरवणारे कारखाने आणि काडेपेटीची यंत्रे बनवणारे कारखाने आपल्या ताब्यात आणले. प्रतिस्पर्ध्याला कच्चा माल हवा तर तो आता क्रूगरच्या दारात. लवकरच, 1917 साली, यन्शोपिंगचा गट त्याच्या कंपनीत विलीन झाला आणि स्वीडिश मॅच कंपनीचा जन्म झाला. तेव्हा क्रूगरचे वय 37 होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. पक्का माल बनवणाऱ्याची मान कच्च्या मालवाल्याच्या हातात असते, हे त्याला या वयात पुरते कळले होते, आणि पुढचे सारे साम्राज्य त्याने याच समजुतीवर रचले.

स्वीडन जिंकल्यावर त्याने जग घ्यायला सुरुवात केली. एखाद्या देशात स्वस्त काडेपेट्या ओतायच्या, तेथील कारखानदार टेकीला आले की त्यांचे कारखाने विकत घ्यायचे किंवा त्यांच्याशी करार करायचा, असा आरोप त्याच्यावर देशोदेशी झाला. दुसरी रीत याहून शाही होती. युद्धाने कंगाल झालेल्या सरकारांना तो मोठी कर्जे देई आणि मोबदल्यात त्या देशातील काडेपेटीचा मक्ता घेई. पोलंडला 1925 साली, फ्रान्सला 1927 साली साडेसात कोटी डॉलर, जर्मनीला 1929 च्या करारान्वये साडेबारा कोटी डॉलर. कर्ज सरकारने घेतले, पण ते फेडले चूल पेटवणाऱ्या प्रत्येक बाईने, काडेपेटीच्या वाढीव किमतीतून. जर्मनीतील तो मक्ता तर क्रूगर मेल्यानंतर अर्धशतक टिकला आणि 1983 साली संपला.

आता हिंदुस्थानकडे वळू. आपला देश म्हणजे काडेपेटीचे प्रचंड गिऱ्हाईक. माल येई तो स्वीडनहून आणि जपानहून. महायुद्धानंतर सरकारची तिजोरी रिकामी होती, म्हणून काडेपेटीवरील आयात कर वाढवत नेला. 1922 साली तो दर ग्रोसला दीड रुपया झाला. ग्रोस म्हणजे 144 पेट्या आणि दीड रुपया म्हणजे 288 पै. अर्थात दर पेटीमागे 2 पै कर. ज्या वस्तूची किंमतच पैशात मोजायची, तिच्यावर हा कर केवढा जड, हे सांगायला नको. हेतू होता केवळ उत्पन्नाचा. परंतु कराची भिंत उभी राहिली की तिच्या आतल्या बाजूला कारखाने उगवतात. तसेच येथे झाले.

क्रूगरने ही भिंत पाहिली आणि ती ओलांडण्यापेक्षा तिच्या आत येऊन बसणे पसंत केले. 1923 साली विम्को स्थापन झाली आणि मुंबई बंदरापासून रेल्वेने सरळ येता येईल अशा अंबरनाथला कारखाना उभा राहिला. कलकत्ता, मद्रास, बरेली आणि आसामातील धुबरी येथेही या गटाचे कारखाने निघाले. ज्या कराने त्याचा माल बाहेर राहायचा, त्याच कराचा फायदा तो आता देशी कारखानदार म्हणून घेऊ लागला.

दुसरीकडे अनेक लहान देशी कारखानेही निघाले. त्यांच्याजवळ ओंडके सोलण्याची महागडी यंत्रे नव्हती. त्यांनी एक सोपी वाट काढली. तयार काडेपेटीवर कर जबर होता. पण गुल न लावलेल्या कोऱ्या काड्या आणि पेटीसाठी लागणारे लाकडाचे पापुद्रे यांवर तसा नव्हता. ते परदेशातून आणायचे, येथे गुल लावायचे, पेट्या चिकटवायच्या आणि विकायच्या. अनेक हातांना काम मिळाले. सरकारला मात्र ही पळवाट वाटली, कारण तिच्यामुळे उत्पन्न बुडू लागले. म्हणून 1924 साली कोऱ्या काड्यांवर आणि पापुद्र्यांवरही वजनावर कर बसवण्यात आला.

मला या साऱ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच धंद्यात दोन प्रकारचे कारखाने होते. एकाकडे ओंडक्यापासून काडीपर्यंत सर्व यंत्रे आणि मागे परदेशी भांडवल. दुसरा काडी विकत घेऊन पुढचे काम करणारा. कोऱ्या काडीवर कर बसला तेव्हा पहिल्याला झळ लागली नाही. उलट त्याची बाजू भक्कम झाली. दुसऱ्याची मात्र वाट अडली. त्याला एक तर यंत्रे घेण्याइतके भांडवल उभे करायचे किंवा महाग काडी घेऊन तोट्यात धंदा करायचा. कर देशी धंद्याच्या विरुद्ध नव्हता. पण देशी धंदा म्हणजे एकच कुणीतरी असे समजून तो बसवला गेला होता.

देशी कारखानदार पुढे सरकारकडे गेले. स्वीडिश कंपनी भाव पाडून आम्हांला संपवील, ही त्यांची तक्रार होती. टॅरिफ बोर्डाने चौकशी केली. 1928 साली कायदा होऊन दीड रुपयाचा कर संरक्षक कर म्हणून कायम झाला. परंतु स्वीडिश कंपनी आता भिंतीच्या आतच होती, त्यामुळे आयात कराने तिला लगाम बसणे शक्य नव्हते. खरा तोडगा दक्षिणेत निघाला. शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे 1923 साली कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकले आणि गावी परतून त्यांनी कारखाने काढले. पुढे त्या कोरड्या मुलखात घरोघर हातांनी काडेपेट्या होऊ लागल्या आणि बड्या यंत्रांपुढे हा हातधंदा टिकून राहिला. त्या धंद्यात लहान मुलांचे हातही राबले, ही त्याची काळी बाजू येथे नोंदवली पाहिजे.

इकडे क्रूगरचा पतंग आकाशात होता. तो अविवाहित राहिला. मितभाषी, नीटनेटका, आकडे तोंडपाठ असलेला हा माणूस सरकारांचा सावकार बनला होता. काडेपेटीबरोबर टेलिफोन, लाकडाचा लगदा, खाणी, बँका यांतही त्याचा पैसा होता. भागधारकांना तो दरवर्षी भरघोस लाभांश देई. पण तो लाभांश नफ्यातून कमी आणि नव्या भागधारकांच्या पैशांतून जास्त येत होता. शेकडो कंपन्यांचे हिशेब एकमेकांत असे गुंतवलेले होते की त्यांचा उलगडा त्याच्या एकट्याच्या डोक्यात होता. 1929 साली अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि नवा पैसा आटला. 12 मार्च 1932 रोजी पॅरिसमधील त्याच्या बिऱ्हाडात त्याचा मृतदेह सापडला. गोळी लागलेली होती. आत्महत्या असा निर्णय झाला, तरी काहींना आजही तो खून वाटतो. मागाहून हिशेब तपासले तेव्हा इटली सरकारचे म्हणून दाखवलेले रोखे बनावट निघाले. हजारो कुटुंबांची बचत बुडाली. स्वीडनच्या पंतप्रधानांनी त्याच्याकडून पैसे घेतले होते असे उघड झाले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. अमेरिकेत 1933 आणि 1934 साली भागबाजारासंबंधी जे कडक कायदे झाले, त्यांच्यामागे या दिवाळ्याचीही आठवण होती.

राजा गेला, पण काडेपेटीचे कारखाने खोटे नव्हते. स्वीडिश मॅच कंपनी सावरली. अंबरनाथचा भोंगाही पुढे अनेक दशके वाजत राहिला आणि त्याच्या तालावर माझ्या आजोबांची पाळी बदलत राहिली.

हे शंभर वर्षांपूर्वीचे चरित्र आज कशाला सांगायचे, असे कुणी विचारील. त्याचे कारण आपल्या गावांतच आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत, उल्हासनगरच्या गल्ल्यांत जे हजारो लहान कारखाने आहेत, ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. म्हणजे कोरी काडी विकत घेऊन पुढचे काम करणारे. कुणी दाणा घेऊन प्लास्टिकच्या वस्तू ओततो, कुणी रसायन घेऊन रंग करतो, कुणी कापड घेऊन कपडे शिवतो. दाणा, रसायन, सूत हे मोठ्या कंपन्या बनवतात किंवा परदेशातून येते.

परदेशी कारखानदार स्वतःच्या देशातील भावापेक्षा कमी भावाने माल आपल्याकडे पाठवू लागला तर त्याला डम्पिंग म्हणतात. त्यावर बसवायच्या जादा कराला अँटी-डम्पिंग शुल्क म्हणतात. असा कायदा जगात प्रथम कॅनडाने 1904 साली केला. आपल्याकडे 1975 च्या सीमाशुल्क दरसूची कायद्यात त्याची तरतूद आहे. दिल्लीचे व्यापार उपाययोजना महासंचालनालय चौकशी करते, अर्थ मंत्रालय शुल्क लावते आणि ते सामान्यतः पाच वर्षे चालते. क्रूगरचे चरित्र वाचल्यावर असा कायदा नको, असे कुणीही म्हणणार नाही. आधी स्वस्त माल ओतून मग मक्ता घेणारा माणूस खरोखर होऊन गेला आहे.

पण या कायद्यात एक मेख आहे. शुल्क मागणाऱ्या अर्जामागे त्या मालाच्या एकूण देशी उत्पादनापैकी किमान 25 टक्के उत्पादन करणारे उत्पादक असावे लागतात. कच्चा माल बनवणाऱ्या दोन-चारच कंपन्या असतात. त्यांना हे सहज जमते. एखादी कंपनी एकटीसुद्धा अर्ज करू शकते. पक्का माल बनवणारे मात्र हजारो, विखुरलेले. 25 टक्के जमवायचे तर किती शेडची दारे ठोठवावी लागतील! चौकशीत वापरणाऱ्यांनाही प्रश्नावली भरून आपली बाजू मांडता येते; पण जो मालक स्वतः मशीनवर उभा राहतो, तो ती प्रश्नावली केव्हा भरणार? परिणाम असा होतो की कच्च्या मालावर शुल्क बसते आणि पक्क्या मालावर बसत नाही. परदेशातला कारखानदार स्वस्त कच्चा माल वापरून तयार वस्तूच आपल्याकडे पाठवतो आणि आपला लहान कारखानदार महाग कच्चा माल घेऊन तिच्याशी झुंजतो.

माझे वडील अशाच एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर आहेत. दाण्याचा भाव चढला की त्याची बातमी आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी येते. मालक दुष्ट नाही. गिऱ्हाईक भाव वाढवून देत नाही आणि दाणा उधार मिळत नाही, तेव्हा तो रात्रपाळी बंद करतो. रात्रपाळी गेली की जादा कामाचे पैसे जातात, आणि माझी परीक्षा फी त्याच पैशांतून जाते. भाव चढण्याची कारणे अनेक असतात. तेल, डॉलर, शुल्क. पण शुल्क तेवढे आपल्या सरकारच्या हातातले असते.

सरकारने दुसरी बाजूही कधी कधी पाहिली आहे. पॉलिएस्टरच्या धाग्याला लागणारे पीटीए नावाचे रसायन आहे. ते देशात बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यावरील अँटी-डम्पिंग शुल्क 1 फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात रद्द झाले. त्या रसायनावर अवलंबून असलेल्या वस्त्रोद्योगाला ते वाजवी भावात मिळावे, हे कारण दिले गेले. अर्थात, शुल्क काढले की देशी रसायन-कारखान्यातील कामगारावर संकट येऊ शकते, हेही खरे. आपल्या उल्हासनगरातच शहाडजवळ सेंच्युरी रेयॉन आहे. तेथे सूत तयार होते आणि कित्येक घरे त्यावर चालतात. त्या घरांना बाहेरच्या स्वस्त सुताची भीती वाटणार, आणि कपडे शिवणाऱ्याला तेच सूत स्वस्त हवे असणार. दोघेही एकाच शहरात राहतात आणि एकाच लोकलने प्रवास करतात.

म्हणून माझे मत असे की कच्च्या मालावर शुल्क बसवण्यापूर्वी त्या मालावर पुढे काम करणाऱ्यांचा हिशेब त्याच चौकशीत, तितक्याच काटेकोरपणे मांडला जावा. तो हिशेब लहान कारखानदार स्वतः आणून देऊ शकत नसेल तर अधिकाऱ्यांनी वसाहतींत येऊन तो गोळा करावा. शुल्क किती रुपये, हे ठरवताना किती पाळ्या बंद पडतील हेही विचारले जावे. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही काम आहे. आपल्या कॉलेजपासून औद्योगिक वसाहत दूर नाही. प्रकल्पासाठी पुस्तकातून आकडे उतरवण्याऐवजी आपण वीस-पंचवीस कारखान्यांत जाऊन कच्च्या मालाचा खर्च, त्याचा गेल्या पाच वर्षांतील भाव आणि कामगारांची संख्या लिहून आणली, तर निदान आपल्या तीन गावांपुरता तरी तो हिशेब कागदावर येईल. माझ्या वडिलांच्या कारखान्यापासून मी सुरुवात करणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी अर्थशास्त्र विभागात नाव द्यावे.